नगर प्रशासनाच्या ताफ्यात विजेवरची वाहने आणताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नगर प्रशासनाच्या वाहन विभागात नव्याने रुजू झालेला अधिकारी, पर्यावरण कक्षातला अभियंता किंवा पहिल्यांदाच सभागृहात आलेला सदस्य यांच्यापैकी कोणावर तरी एक दिवस ताफा विजेवर आणण्याची जबाबदारी येते. आदेशात बहुधा एक टक्केवारी आणि एक वर्ष लिहिलेले असते, मधला रस्ता लिहिलेला नसतो. तो रस्ता ज्या क्रमाने चालावा लागतो, त्या क्रमाने तो येथे मांडला आहे. वाहनखरेदी या क्रमात बरीच उशिरा येते आणि ती तशीच यायला हवी.

पुढच्या सर्व पायऱ्यांना आधार असलेली गोष्ट आधीच सांगतो. जुन्या इंधनावर जे किलोमीटर धावायचे थांबतात, तेवढ्याच प्रमाणात उत्सर्जन घटते. विजेवरची शंभर वाहने विकत घेतली, पण ती दिवसातला बराच वेळ उभीच राहिली आणि डिझेलची वाहने पूर्वीसारखीच धावत राहिली, तर अहवालातला आकडा वाढतो आणि हवा आहे तशीच राहते. त्यामुळे प्रत्येक निर्णयाच्या वेळी या निर्णयाने डिझेलचे किती किलोमीटर बंद होतील, हा प्रश्न समोर ठेवावा.

पहिली पायरी: ताफ्याची खरी नोंद

सुरुवात वाहनांच्या यादीपासून न करता लॉगबुकांपासून करावी. यादीत वाहनाचा प्रकार, नोंदणी क्रमांक आणि खरेदीचे वर्ष असते, आणि नियोजनासाठी ते पुरेसे नाही. प्रत्येक वाहनाविषयी किमान पुढील माहिती हवी: ते वर्षभरात किती धावले, वर्षातल्या सर्वांत लांब दिवशी किती धावले, रात्री कोठे उभे राहते, सलग किती तास उभे राहते, किती लिटर इंधन घेते, भरलेल्या अवस्थेत किती वजन वाहते आणि त्याचे निर्लेखन, म्हणजे ताफ्यातून कायमचे काढून टाकणे, कोणत्या वर्षी अपेक्षित आहे. सरासरीवर विसंबू नये. एखादे वाहन रोज सरासरी ६० किलोमीटर धावत असेल, पण महिन्यातून दोनदा १८० किलोमीटरचा फेरा करत असेल, तर बॅटरी किती मोठी लागेल हे त्या दोन दिवसांवर ठरते; किंवा त्या दोन दिवसांसाठी वेगळी व्यवस्था करायची, असा निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते दुसरा पर्याय बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो, कारण रोज ओझे म्हणून वाहिली जाणारी मोठी बॅटरी महाग असते आणि वजनामुळे वीजही जास्त खाते.

नोंद पूर्ण एका वर्षाची असावी. पावसाळ्यात, कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत कामाचे स्वरूप बदलते आणि विजेवरच्या वाहनाचा पल्लाही बदलतो. लॉगबुकातील आकडे आणि इंधनाच्या पावत्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात. त्यांत तफावत निघाली, तर वाहनांत जीपीएस बसवून दोन-तीन महिन्यांची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळण्याचा मोह होतो, परंतु येथे चुकलेला आकडा पुढे चुकीच्या बॅटरीत, चुकीच्या चार्जरमध्ये आणि चुकीच्या निविदेत उतरतो.

कंत्राटदारांची वाहनेही नोंदीत घ्यावीत. अनेक ठिकाणी कचरा उचलणे, पाण्याचे टँकर, रस्तेदुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांची ने-आण ही कामे बाहेरच्या कंपन्या करतात. हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलनुसार स्वतःच्या वाहनांचा धूर ‘स्कोप १’ मध्ये, विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन ‘स्कोप २’ मध्ये आणि कंत्राटदाराच्या वाहनांचा धूर सर्वसाधारणपणे ‘स्कोप ३’ मध्ये मोडतो. स्वतःची वाहने बंद करून तेच काम डिझेलवरच्या कंत्राटाला दिले, तर पहिल्या रकान्यातला आकडा घसरतो आणि रस्त्यावरचा धूर तसाच राहतो. तिन्ही रकाने एकाच कागदावर ठेवले, म्हणजे अशी सरमिसळ लगेच दिसून येते.

नोंद पूर्ण झाली की फारशी न धावणारी वाहने हमखास सापडतात. अशी दोन वाहने दोन विभागांच्या दारात उभी असतील, तर दोघांत मिळून एक ठेवावे. कमी केलेल्या वाहनाला चार्जर लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि त्याच्या बदल्यात काही विकतही घ्यावे लागत नाही. जवळच्या कामांसाठी विजेवरची सायकल, दुचाकी किंवा मालवाहू तीनचाकी पुरते का, हेही याच वेळी तपासावे.

दुसरी पायरी: उत्सर्जनाचा हिशेब

हिशेबासाठी गुंतागुंतीची प्रणाली लागत नाही. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो आणि एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेच्या बाजूला दोन आकडे लागतात: वाहनाला मीटरवर प्रति किलोमीटर किती युनिट लागतात आणि एका युनिटमागे आपल्या वीजजाळ्यात किती किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. जलविद्युत, पवन किंवा अणुऊर्जेवर चालणाऱ्या जाळ्यात हा दुसरा आकडा ०.१ किलोच्याही खाली असू शकतो, तर जवळजवळ पूर्णपणे कोळशावर चालणाऱ्या जाळ्यात तो १ किलोच्या आसपास जातो. बहुतेक देशांत ऊर्जा खाते किंवा विद्युत प्राधिकरण तो दरवर्षी प्रसिद्ध करते. तोच घ्यावा, दुसऱ्या देशाचा आकडा सोयीचा वाटला म्हणून उचलू नये.

एक उदाहरण करून पाहू. निरीक्षणासाठी वापरली जाणारी पेट्रोलची मोटार वर्षाला १५,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. म्हणजे तिला १,००० लिटर पेट्रोल लागते आणि उत्सर्जन होते २,३०० किलो. त्याच आकाराची विजेवरची मोटार किलोमीटरला ०.१५ युनिट घेते असे धरले, तर वर्षाला २,२५० युनिट होतात. चार्जिंगमधली गळती मिळवून मीटरवर सुमारे २,५०० युनिट पडतात. जाळ्याचा आकडा ०.२ असेल तर उत्सर्जन ५०० किलो, ०.५ असेल तर १,२५० किलो आणि ०.८ असेल तर २,००० किलो. मोटार तीच आणि रस्ताही तोच, पण बचत १,८०० किलोपासून ३०० किलोपर्यंत बदलते.

याच हिशेबात बॅटरीच्या निर्मितीतले उत्सर्जन मिळवावे. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तास (म्हणजे एक युनिट) क्षमतेमागे ते साधारण ६० ते १०० किलो धरले जाते. ४० किलोवॅट-तासांच्या बॅटरीसाठी ते २,४०० ते ४,००० किलो होते. ०.५ च्या जाळ्यावर वरील मोटार वर्षाला १,०५० किलो वाचवते, म्हणजे बॅटरीचे ऋण सव्वादोन ते पावणेचार वर्षांत फिटते. हीच मोटार वर्षाला फक्त ३,००० किलोमीटर धावली, तर वार्षिक बचत २१० किलोवर येते आणि ते ऋण फिटायला ११ ते १९ वर्षे लागतात. बहुधा त्याआधीच मोटार ताफ्यातून बाहेर गेलेली असते. सर्वांत जास्त धावणारे वाहन आधी बदलावे, या नियमाचे कारण या हिशेबात आहे.

अवजड वाहनांच्या बाबतीत अधिक काळजी लागते. बारा मीटर लांबीची शहर बस विजेवर किलोमीटरला साधारण १ ते १.५ युनिट घेते. कोळशावर चालणाऱ्या जाळ्यात तिचे कार्बन उत्सर्जन डिझेल बसच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या उत्सर्जनाइतकेच भरू शकते. अर्थात डिझेल काढणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यांतही त्याच्या ज्वलनातल्या उत्सर्जनाच्या सुमारे एक पंचमांश इतकी भर पडते. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी रस्त्यावरून हटते, ही रहिवाशांच्या फुप्फुसांसाठी मोठी गोष्ट आहे. तरीही हवामानाचा लाभ आणि रस्त्यावरच्या हवेचा लाभ अहवालात वेगवेगळे लिहावेत. टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ वीजवाहनामुळे थांबत नाही, हेही नोंदवावे; ब्रेकची झीज मात्र बरीच कमी होते.

संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर चित्र आश्वासक आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ मध्ये मध्यम आकाराच्या मोटारींचा कारखान्यापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला. त्यात पेट्रोल मोटारीच्या तुलनेत विजेवरच्या मोटारीचे उत्सर्जन युरोपात ६६ ते ६९ टक्के, अमेरिकेत ६० ते ६८ टक्के, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्के आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी आढळले. या आकड्यांतला फरक प्रामुख्याने विजेच्या स्रोतामुळे पडतो. म्हणून ताफ्याच्या योजनेबरोबरच स्वच्छ विजेच्या दीर्घ मुदतीच्या खरेदीचा प्रस्तावही त्याच वर्षी तयार करावा, असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी: आधी कोणती, नंतर कोणती

रोज ठरावीक मार्गावर धावणारे, रात्री एकाच आवारात परतणारे, वारंवार थांबणारे आणि भरपूर पण पल्ल्याच्या आत राहील इतकेच अंतर कापणारे वाहन सर्वांत आधी बदलावे. शहर बस, छोट्या कचरागाड्या, टपाल आणि साहित्य पोहोचवणारी हलकी वाहने, निरीक्षकांच्या मोटारी या वर्गात येतात. वारंवार थांबणे येथे फायद्याचे ठरते, कारण वेग कमी करताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. डिझेल इंजिन मात्र अशाच थांबत-थांबत चालण्यात सर्वांत जास्त इंधन जाळते.

उभे राहून काम करणारी वाहने दुसऱ्या गटात ठेवावीत. गाळ उपसणारी, उंच शिडीची, कचरा दाबणारी किंवा उच्च दाबाने पाणी मारणारी वाहने किती किलोमीटर चालली यापेक्षा किती तास राबली हे महत्त्वाचे असते. त्यांची ऊर्जेची गरज तासांत मोजावी, नाहीतर कागदावर पुरेशी वाटलेली बॅटरी दुपारीच संपते. न्यूयॉर्कचा अनुभव येथे लक्षात घ्यावा. तेथील स्वच्छता विभागाच्या कचरागाड्यांना हिवाळ्यात पुढे फाळ जोडून रस्त्यांवरचा बर्फही हटवावा लागतो. २०२२ मध्ये विभागाने नगर परिषदेला सांगितले की चाचणीतली विजेवरची गाडी बर्फ हटवताना सुमारे चार तासांत थकली, आणि गरज बारा तासांची होती. कचरा गोळा करण्यासाठी योग्य ठरणारे वाहन त्याच्याच दुसऱ्या कामासाठी अपुरे पडू शकते. प्रत्येक वाहनाचे दुय्यम आणि आपत्कालीन काम नोंदीत असले, तरच हे आधी कळते.

अग्निशमन वाहने आणि रुग्णवाहिका शेवटच्या टप्प्यात घ्याव्यात. त्या वर्षभरात तुलनेने कमी धावतात, त्यामुळे त्यांच्यात उत्सर्जनाची बचतही थोडी असते. आणि त्या बंद पडल्या तर जीव जाऊ शकतात.

मोठा ताफा पूर्णपणे बदलता येतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण चीनमधील शेन्झेन शहराचे आहे. २०१७ च्या अखेरीस तेथील १६,००० हून अधिक शहर बस विजेवर आल्या होत्या. मात्र तो बदल अनेक वर्षांचा होता, त्यामागे शासनाचे भरीव अनुदान होते आणि बसबरोबरच चार्जिंगची जागा व जोडण्या उभ्या केल्या गेल्या. दुसऱ्या शहराने केवळ बसची संख्या उचलून स्वतःचे लक्ष्य ठरवू नये.

चौथी पायरी: वीज

सर्वांत जास्त प्रकल्प येथेच अडकतात, म्हणून या पायरीवर जास्त वेळ द्यावा. वाहने काही महिन्यांत येतात. नवे रोहित्र, उच्चदाब जोडणी आणि जमिनीखालच्या केबल यांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागू शकतो. वाहनांची मागणी नोंदवण्याआधी वीज वितरण कंपनीशी लेखी पत्रव्यवहार सुरू करावा आणि पुढील दहा वर्षांत त्या आवारात एकूण किती वाहने येतील, तो पूर्ण आकडा पहिल्याच पत्रात द्यावा. जमीन एकदाच खणावी. आज दहा चार्जर बसवायचे असले तरी पन्नास चार्जरना पुरतील इतके रिकामे पाइप त्याच चरात टाकून ठेवावेत. ते काम आज स्वस्तात होते, नंतर डांबर फोडून करायचे झाल्यास फार महाग पडते.

मंजूर भार किती घ्यावा, याचा हिशेब असा करावा. समजा आवारात २० वाहने रात्री १० तास उभी राहतात आणि प्रत्येकाला रोज ४० युनिट लागतात. एकूण गरज ८०० युनिटची आहे, म्हणजे दहा तासांत सरासरी ८० किलोवॅट. गळती आणि राखीव धरून १०० किलोवॅट पुरतात. पण ही सर्व वाहने संध्याकाळी परतताच २२ किलोवॅटच्या चार्जरना एकाच वेळी जोडली गेली, तर भार ४४० किलोवॅटवर जातो. काम तेच असूनही चौपटीहून मोठी जोडणी लागते, आणि वीजबिलातला मागणी आकार अनेक ठिकाणी महिन्यातल्या अशा सर्वोच्च भारावरच ठरतो. यावर उपाय म्हणजे वाहनांना आळीपाळीने आणि गरजेपुरती वीज देणारी नियंत्रण प्रणाली. चार्जर ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल या खुल्या नियमावलीनुसार चालणारे असावेत, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचे चार्जर किंवा दुसरी नियंत्रण प्रणाली आणता येते.

रात्रभर उभ्या राहणाऱ्या वाहनाला मंदगती चार्जर पुरतो. तो स्वस्त असतो आणि बॅटरीवर ताणही कमी पडतो. जलदगती चार्जर दिवसा मध्येच थोडी भर घालावी लागणाऱ्या बससाठी आणि आकस्मिक गरजेसाठी थोडे ठेवावेत. छपरावरचे सौर पॅनेल उपयोगी आहेत, मात्र ते दुपारी वीज देतात आणि ताफा रात्री चार्ज होतो. त्यामुळे पॅनेल बसवल्यामुळे वाहने सूर्यावर चालतात, असे लिहिण्याआधी तासागणिक हिशेब पाहावा. ज्यांच्या कामाची वेळ पहाटे संपते, अशी वाहने दुपारी चार्ज करता आली तर हा मेळ खरोखर बसतो.

आवाराच्या आखणीत काही गोष्टी नवख्या माणसाच्या नजरेतून सुटतात. चार्जरचा ओटा पुराच्या पाण्याच्या पातळीच्या वर असावा. केबल जमिनीवर लोळू नये आणि मागे येणाऱ्या वाहनाच्या चाकाखाली सापडू नये. वाहनांच्या रांगांमध्ये अग्निशामक दलाला आत शिरता येईल इतके अंतर असावे, आणि एका वाहनाने पेट घेतल्यास शेजारची बाहेर काढता यावीत. वीज गेली तर कोणती वाहने आधी चार्ज करायची, त्याची क्रमवार यादी भिंतीवर लावलेली असावी.

पाचवी पायरी: निविदा आणि करार

निविदेत बॅटरीचा आकार सांगण्याऐवजी काम सांगावे. उदाहरणार्थ: पूर्ण भरलेले वाहन, वर्षातल्या सर्वांत प्रतिकूल तापमानात, वातानुकूलन किंवा हीटर चालू ठेवून, आठव्या वर्षीही एका चार्जमध्ये इतके किलोमीटर धावले पाहिजे आणि परतताना बॅटरीत वीस टक्के शिल्लक राहिली पाहिजे. असे लिहिणे किती गरजेचे आहे, ते पुढच्या आकड्यांवरून कळेल. पत्रकात ३०० किलोमीटर पल्ला दिला आहे असे समजा. आठ वर्षांत बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, त्यातली २० टक्के राखीव ठेवली आणि हवामानामुळे आणखी एक चतुर्थांश पल्ला गेला, तर हातात १४४ किलोमीटर उरतात. नियोजन याच आकड्यावर करायचे असते.

बॅटरीच्या हमीत किती वर्षे, किती किलोमीटर आणि किमान किती टक्के क्षमता हे तिन्ही स्पष्ट असावे, आणि ती क्षमता कोण, कोणत्या पद्धतीने मोजेल तेही लिहिलेले असावे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते, पण चार्जिंगची आवर्तने ती जास्त सोसते आणि उष्णतेने भडकण्याचा धोका तिच्यात कमी असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी हलकी पडते. रोज चार्ज होणाऱ्या शहरी वाहनांसाठी मी पहिल्या प्रकाराकडे झुकेन. मात्र कडाक्याच्या थंडीत ती अधिक मंदावते, हे लक्षात ठेवावे.

पैशाचा हिशेब वाहनाच्या पूर्ण आयुष्याचा मांडावा. त्यात किंमत, चार्जर, वीजजोडणी, वीज, देखभाल, विमा, बॅटरी बदलण्याची शक्यता आणि शेवटची विक्री हे सर्व यावे. येथे लेखाशीर्षाची एक अडचण असते. खरेदी भांडवली खर्चात पडते, इंधनाची बचत महसुली खर्चात दिसते, आणि वीजबिल कधीकधी तिसराच विभाग भरतो. ज्या विभागाने खर्च केला, त्याला बचत दिसतच नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी त्याचा उत्साह मावळतो. लेखा विभागाला पहिल्या बैठकीपासून बरोबर घेऊन ही बचत एका शीर्षाखाली दाखवण्याची सोय करावी.

सगळेच विकत घेतले पाहिजे असे नाही. चिलीची राजधानी सांतियागो येथे ऊर्जा कंपन्यांनी बस विकत घेऊन त्या चालक कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिल्या. २०१८ च्या अखेरीस पहिल्या शंभर बस अशाच पद्धतीने आल्या. मालकी एकाकडे आणि चालवणे दुसऱ्याकडे असल्यामुळे चालक कंपनीवर मोठ्या कर्जाचा भार पडला नाही. भारतात २०२२ मध्ये पाच महानगरांची मागणी एकत्र करून ५,४५० बससाठी सामाईक निविदा काढली गेली, ज्यात कंपनीने बस पुरवून चालवायची आणि शहराने किलोमीटरमागे मोबदला द्यायचा, अशी रचना होती. लहान नगरांनी शेजाऱ्यांबरोबर अशीच एकत्रित मागणी करावी. दहा वाहनांच्या निविदेला जो प्रतिसाद मिळतो, त्याहून दोनशे वाहनांच्या निविदेला बराच चांगला मिळतो.

किलोमीटरमागे मोबदला देताना किमान किती किलोमीटरची हमी द्यायची, वीज कोण भरणार, जोडणी बंद पडली तर नुकसान कोणाचे आणि मोबदला थकल्यास काय, हे करारात उघडपणे लिहावे. मोबदला वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर कंपन्या ती जोखीम दरात मिळवतात किंवा निविदेकडे फिरकतच नाहीत.

पुरवठादार बंद पडला तर काय, याचेही उत्तर करारातच हवे. अमेरिकेतील प्रोटेरा या विद्युत बस बनवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिच्या बस वापरणाऱ्या परिवहन संस्थांपुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. बिघाड शोधण्याचे सॉफ्टवेअर, तांत्रिक आराखडे आणि ठरावीक सुटे भाग आपल्या ताब्यात राहतील, अशी अट घालावी. वाहनातून गोळा होणारी सर्व माहिती प्रशासनाच्या मालकीची राहील, ही अटही सोडू नये.

सहावी पायरी: चाचणी

करार पक्का करण्याआधी, निदान पहिल्या तुकडीनंतर पुढे जाण्याआधी, चाचणी घ्यावी. ती वर्षातल्या सर्वांत कठीण ऋतूत, नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या चालकाकडून आणि नेहमीच्या भारासह व्हावी. कंपनीच्या प्रशिक्षित चालकाने रिकाम्या रस्त्यावर मिळवलेला पल्ला नियोजनाच्या कामाचा नाही. विजेचा वापर वाहनाच्या पडद्यावरून न घेता चार्जरच्या मीटरवरून घ्यावा, कारण बिल मीटरवरच येते.

सातवी पायरी: माणसे

रात्री वाहन परतल्यावर ते चार्जरला कोण जोडणार, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सकाळची सेवा त्यावरच अवलंबून असते. चालक कामाची वेळ संपवून निघून जातो, पहारेकऱ्याला ते त्याचे काम वाटत नाही, आणि सकाळी वाहन अर्धेच भरलेले सापडते. ही जबाबदारी नावानिशी लिहून द्यावी आणि मध्यरात्री एकदा सर्व जोडण्या तपासण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे.

चालकांच्या प्रशिक्षणात वेग हळूहळू कमी करून ऊर्जा परत मिळवण्याची सवय आणि वाहनाच्या शांतपणाची जाणीव हे दोन विषय असलेच पाहिजेत. मंद वेगात हे वाहन जवळजवळ ऐकू येत नाही. दृष्टिहीन पादचाऱ्यांना आणि लहान मुलांना त्याचा धोका असतो. इशाऱ्याचा आवाज देणारी यंत्रणा बंद करू नये.

कार्यशाळेतल्या कारागिरांना या बदलाची सर्वांत जास्त भीती वाटते, आणि ती रास्त आहे. इंजिन, क्लच आणि तेलबदल यांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना आधी सांगावे की त्यांना काढले जाणार नाही, आणि तो शब्द पाळावा. ४०० ते ८०० व्होल्टच्या प्रणालीवर काम करण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण, इन्सुलेटेड हातमोजे आणि हत्यारे, तसेच वीज पूर्णपणे तोडल्याची खात्री करण्याची ठरलेली पद्धत लागते. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाने नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, वातानुकूलन आणि बॉडी यांचे काम नव्या वाहनांतही राहतेच; अनुभवी कारागिराची गरज संपत नाही.

अग्निशामक दलाला वाहने येण्यापूर्वी आवारात बोलवावे. लिथियम बॅटरीची आग आतल्या आत पसरते, विझवायला खूप पाणी लागते आणि विझल्यासारखी वाटून काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा भडकू शकते. जळालेले किंवा अपघातात सापडलेले वाहन इतरांपासून दूर ठेवण्यासाठी मोकळी जागा राखून ठेवावी.

आठवी पायरी: जुनी वाहने आणि जुन्या बॅटऱ्या

नवे वाहन आले की जुने राखीव म्हणून ठेवण्याची मागणी सर्व विभागांकडून येते. काही राखीव वाहने लागतातच, पण त्यांची संख्या आधी ठरवावी आणि त्यापलीकडची प्रत्येक मागणी लेखी कारणासह मागवावी. एरवी काही महिन्यांत ताफा मोठा झालेला असतो आणि डिझेलचा खप पूर्वीइतकाच राहतो. निर्लेखित वाहन लिलावात विकले आणि ते दुसऱ्या कोणाकडे पुढची दहा वर्षे धावले, तर आपल्या वहीतून गेलेला धूर हवेत राहतोच. सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त धूर ओकणारी वाहने अधिकृत भंगार केंद्रात मोडीत काढावीत, विक्रीतून मिळणारी रक्कम थोडी कमी झाली तरी.

वाहनाला पुरेशी न राहिलेली बॅटरी एका जागी वीज साठवण्यासाठी बऱ्याचदा आणखी काही वर्षे चालते. त्यानंतर तिच्यातले धातू परत मिळवता येतात. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीने आणि भारताने २०२२ च्या नियमांनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, परत घेण्याचे कलम खरेदीच्या करारातच घालावे. आठ वर्षांनंतर ते घालून घेण्याचे बळ हातात उरत नाही.

नववी पायरी: मोजणे आणि लोकांसमोर ठेवणे

दरमहा एक तक्ता तयार करावा. त्यात विजेवर धावलेले किलोमीटर, मीटरवरची युनिटे, नादुरुस्तीमुळे वाहने उभी राहिलेले दिवस आणि संपूर्ण ताफ्याने, कंत्राटदारांसह, जाळलेले डिझेल व पेट्रोल लिटरमध्ये असावे. हा तक्ता प्रशासनाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर नियमित लावावा, वाईट महिन्यांतही लावावा. रहिवाशांच्या पैशातून हा बदल होत आहे आणि त्याची प्रगती पाहण्याचा त्यांना अधिकार आहे.

या तक्त्यातला शेवटचा रकाना, म्हणजे लिटर, सर्वांत आधी वाचावा. वर्षभर विजेवरची वाहने धावूनही लिटरची बेरीज त्याच प्रमाणात उतरली नसेल, तर पुढच्या तुकडीची मागणी थांबवून कारण शोधावे: जुनी वाहने राखीव म्हणून धावत आहेत का, नवी वाहने चार्जिंगअभावी उभी आहेत का, की काम वाढले आहे. कारण सापडून दुरुस्त झाल्यावर पहिल्या पायरीची नोंद नव्या आकड्यांनी पुन्हा भरावी आणि पुढची तुकडी त्या नोंदीवरून ठरवावी.